चांगला चहा गरिबाच्या घरी नेणारा व्यापारी

महिन्याचा किराणा भरताना बेताच्या मिळकतीचा गृहस्थ ज्या वस्तूपाशी सर्वांत अधिक घुटमळतो, ती बहुधा चहा असते. धान्य डोळ्यांनी पारखता येते, गूळ जिभेवर ठेवून पाहता येतो. चहाची परीक्षा मात्र आधणात पडल्यावाचून होत नाही, आणि तोवर पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात गेलेले असतात. महाग तोच चांगला आणि स्वस्त तो भेसळीचा, ही समजूत यातूनच रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला मोठा धक्का देणारा व्यापारी म्हणून सर थॉमस लिप्टन यांचे चरित्र लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र ते केवळ एका धनिकाची यशोगाथा म्हणून वाचून चालणार नाही.

लिप्टन यांचा जन्म 1848 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. आईवडील आयर्लंडचे, तेथील दुष्काळाच्या काळात पोटासाठी ग्लासगोस आलेले. शहराच्या एका गरीब वस्तीत त्यांनी लोणी, अंडी आणि डुकराचे खारवलेले मांस विकण्याचे लहानसे दुकान मांडले. मुलाने शाळा लवकरच सोडली, हरकाम्याची नोकरी केली, बोटीवर पोऱ्या म्हणून राबला आणि कोवळ्या वयातच अमेरिका गाठली. तेथे तंबाखूच्या व भाताच्या मळ्यांत मजुरी केल्यावर न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात त्याला काम मिळाले. मांडणी, स्वच्छता आणि जाहिरात यांचे पहिले धडे त्याने तेथे गिरविले.

मायदेशी परतल्यावर 1871 साली लिप्टन यांनी ग्लासगोत स्वतःचे दुकान काढले. माल शक्यतो थेट उत्पादकाकडून घ्यावा, रोखीनेच विकावा आणि थोड्या नफ्यावर खप वाढवावा, हे त्यांचे सूत्र होते. जाहिरातीत तर ते नाटकी म्हणावेत इतके हौशी होते. 1881 च्या नाताळात त्यांनी एक अवाढव्य चीज मागवून त्यात सोन्याची नाणी दडविली आणि ते तुकड्या-तुकड्यांनी विकले. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. 1880 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या दुकानांची संख्या शेकड्यांत मोजली जात होती.

याच सुमारास ते चहाकडे वळले. ब्रिटनमधील कामगारांच्या घरी चहा पोहोचला होता, पण चांगला चहा पोहोचला नव्हता. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकण्याचे प्रकार पूर्वी सर्रास चालत. 1875 च्या अन्नविषयक कायद्याने आयात चहाची तपासणी सुरू झाल्यावर त्यांना आळा बसू लागला. तरीही पेटीतून सुटा चहा तोलून देताना वास उडे आणि वजनाचा भरवसा नसे. चांगल्या चहाला पौंडामागे अडीच-तीन शिलिंग पडत असता लिप्टन यांनी तो एक शिलिंग सात पेन्सला देऊ केला. पौंड, अर्धा पौंड आणि पाव पौंडाच्या बंद पुड्या काढल्यामुळे आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या कुटुंबाला झेपेल तेवढाच, पण ताजा व वजनास पुरा चहा घेता येऊ लागला. बंद पुडीची कल्पना त्यांची नव्हे. जॉन हॉर्निमन यांनी 1826 मध्येच ती अमलात आणली होती. गरिबाला परवडणाऱ्या भावाशी तिची सांगड घालणे हे लिप्टन यांचे कर्तृत्व.

1890 साली ते सिलोनला गेले. पानांवरील तांबेरा रोगाने तेथील कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले होते आणि जमिनी स्वस्तात निघाल्या होत्या. हापुतळेच्या डोंगरातील दंबातेन्नेसह अनेक मळे त्यांनी घेतले आणि मळ्यातून थेट किटलीत, असा गाजावाजा केला. वस्तुस्थिती थोडी निराळी होती. त्यांच्या प्रचंड खपाचा फार थोडा वाटा या मळ्यांतून येई; बाकीचा चहा इतरांप्रमाणेच बाजारातून खरेदी होई. शिवाय त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने चहावरील जकात पौंडामागे सहा पेन्सवरून चारवर आणली, तिचाही स्वस्ताईला हातभार लागला.

मग चहा चांगला कशामुळे ठरला? त्याचे श्रेय चव घेणाऱ्या तज्ज्ञांना आणि मिश्रणाच्या शास्त्राला द्यावे लागते. निरनिराळ्या मळ्यांचे चहा मिसळले म्हणजे एकाचा रंग, दुसऱ्याचा कडकपणा आणि तिसऱ्याचा वास एकत्र येतो आणि भावही आटोक्यात राहतो. हलक्या पाण्यात उतरणारा चहा जड पाण्यात तसाच उतरत नाही, हे ओळखून लिप्टन यांनी गावोगावच्या पाण्यानुसार मिश्रणे बदलली. आजच्या ग्राहकासही यातून बोध घेता येईल. चहाची भुकटी म्हणजे कचरा नव्हे. भुकटी, कणी आणि मोठी पत्ती हे मुख्यतः आकाराचे भेद आहेत. बारीक चहाचा अर्क लवकर व दाट उतरतो, म्हणून तेवढ्याच वजनात अधिक कप होतात. ताजेपणा, हवाबंद पुडी आणि घरच्या पाण्याशी जमणारे मिश्रण या तीन गोष्टी पाहिल्या, तर चढ्या भावाची सक्ती उरत नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. मधले दलाल वगळून आलेली स्वस्ताई आणि श्रमाला कमी दाम देऊन आलेली स्वस्ताई ग्राहकाला सारखीच दिसते. सिलोनच्या मळ्यांवर पाने खुडणारे हात दक्षिण भारतातून गेलेल्या तमिळ मजुरांचे होते. तुटपुंजी मजुरी, मुकादमाचे कर्ज आणि चाळीतील अंधाऱ्या खोल्या हे त्यांचे जीवन होते. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातील बहुसंख्यांना देशहीन केले आणि त्यांच्या भवितव्यासाठी 1964 साली भारताला श्रीलंकेशी करार करावा लागला. मळेवाल्यांच्या या व्यवस्थेचे लिप्टन जनक नव्हते; लाभार्थी मात्र निश्चितच होते.

दानधर्मात त्यांनी हात आखडता घेतला नाही. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षी लंडनच्या गरिबांना जेवण देण्यासाठी त्यांनी 25,000 पौंड दिले. 1914 साली लष्करी उपाहारगृहांच्या लाचप्रकरणी त्यांच्या कंपनीतील काहींना शिक्षा झाली, हा डागही नमूद केला पाहिजे. अमेरिकेचा शिडाच्या नौकांचा मानाचा चषक जिंकण्यासाठी 1899 ते 1930 या काळात पाच वेळा झुंजून ते पाचही वेळा हसतमुखाने हरले. 2 ऑक्टोबर 1931 रोजी त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी ग्लासगोच्या गरिबांसाठी ठेवला.

चांगली वस्तू गरिबाला परवडू शकते, हे लिप्टन यांनी दुकानाच्या फळीवर सिद्ध केले. मात्र ती परवडण्याची किंमत मळ्यातील दुसऱ्या गरिबाने मोजावी काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारण्याची जबाबदारी चहा पिणाऱ्यांवर येऊन पडली आहे.