कुमार गंधर्वांचे एक मागे राहिलेले गाणे

बेळगावहून मिरजेकडे निघालेली पॅसेंजर सांबरे सोडून पुढे गेली की सुळेभावी नावाचे लहानसे स्टेशन लागते. गाडी क्षणभर थांबते, चारदोन माणसे उतरतात, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका चढतात आणि गाडी पुन्हा हलते. आमच्या भागात हे गाव महालक्ष्मीसाठी प्रसिद्ध आहे. कॉलेजला रोज याच गाडीने येणाऱ्या मुलांना विचारले तर ती जत्रेबद्दल तासभर बोलतील. पण याच गावात 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ नावाचा मुलगा जन्माला आला आणि तोच पुढे कुमार गंधर्व झाला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही ते अकरावीपर्यंत ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते सकाळी रेडिओवर लागणारे 'उठी उठी गोपाला'. ते गाणारा माणूस आपल्याकडच्या एखाद्या देवळातला कीर्तनकार असावा, असे मी लहानपणी समजत असे.

या लेखाला निमित्त झाले ते एक भांडण. माझा एक मित्र आहे. शाळा त्याची कन्नड, माझी मराठी. कॉलेजात बाक मात्र एकच. गेल्या वर्षी कँटीनमध्ये बोलता बोलता कुमार गंधर्वांचा विषय निघाला. तो म्हणाला की कुमार आमचे, त्यांची मातृभाषा कन्नड. मी म्हणालो की आमचे, कारण ते मराठी गायले आणि मराठी माणसांनी त्यांना डोक्यावर घेतले. गोष्ट हसण्यावारी जायला हवी होती. ती गेली नाही. आमच्या गावात अशा गोष्टी हसण्यावारी जात नाहीत, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. चहा निवला, शब्द वाढले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही एकाच बाकावर बसून एकमेकांशी बोललो नाही. त्या दिवसांत मी हट्टाने कुमारांविषयी मिळेल ते वाचले आणि मिळेल ते ऐकले. उद्देश अर्थात पुढच्या भांडणासाठी पुरावा गोळा करणे हाच होता.

पुरावा गोळा झाला, पण तो कोणाच्याच बाजूचा निघेना.

या मुलाला गाणे कोणी रीतसर शिकवले नव्हते. वडील सिद्धरामय्या स्वतः गाण्याचे षोकी. घरात गाणे होते, पण मुलगा गाईल असे कोणाच्या मनात नव्हते. सहासात वर्षांचा असताना तो एकाएकी गाऊ लागला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि ताना, हरकती, आवाजाचा बाज यांसकट त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या, हा त्याचा खेळ. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली, ती नाव होऊन बसली आणि मूळचे शिवपुत्र हे नाव मागे पडले. गावोगाव जलसे होऊ लागले. 1935-36 च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद झाली. तिथे हा अकराबारा वर्षांचा मुलगा गायला आणि दिग्गज मंडळी थक्क झाली, ही हकीकत मराठी रसिकांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता पुराणकथेसारखी झाली आहे.

मला त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. लोक डोक्यावर घेत असताना हा मुलगा मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या शाळेत शिकायला राहिला. देवधर मिरजेचे. त्यांची दृष्टी मोकळी होती. कोणत्याही घराण्याचा चांगला गवई आला की ते त्याला आपल्या शाळेत गायला बसवीत आणि मुलांना ऐकवीत. नकलेत तरबेज असलेल्या मुलाला तिथे कळले की दुसऱ्याचे गाणे हुबेहूब गाणे म्हणजे आपले गाणे नव्हे. मूळच्या गोव्याकडच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्याने घेतले. म्हणजे कन्नड घरातला मुलगा, मिरजेचे गुरू, गोव्याची गुरुमाउली आणि राहणे मुंबईत. आमच्या कँटीनमधल्या वादाची इथेच पंचाईत झाली.

1947 साली त्यांनी भानुमती कंस यांच्याशी विवाह केला. भानुमती देवधरांच्याच शाळेतल्या, स्वतः गाणाऱ्या. आणि लगेच क्षयाचे निदान झाले. डॉक्टरांनी कोरड्या हवेच्या गावी जायला सांगितले. जानेवारी 1948 मध्ये ही दोघे माळव्यातल्या देवासला आली. देवास हे पवारांचे संस्थान, मराठी वळणाचे गाव. कवी भा. रा. तांबे यांचाही या गावाशी संबंध होता. पण कुमार तिथे आले ते कवितेसाठी नव्हे, जगण्यासाठी आले. गायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. एक फुप्फुस निकामी झाले होते. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली. घर चालवायचे, औषधपाणी बघायचे आणि बिछान्यावरच्या गवयाला सांभाळायचे, हे सगळे त्यांनी केले. त्याच सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आपल्या देशात मिळू लागले होते, ते उपयोगी पडले. तरीही पाचसहा वर्षे गेली.

चोवीस ते एकोणतीस हे वय गवयाच्या आयुष्यात उमेदीचे. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या हिशेबाने ही वर्षे सरळ नुकसानीच्या खात्यावर पडतात. पण या माणसाने बिछान्यावर पडून काय केले, तर ऐकले. घरावरून जाणाऱ्या बायकांची गाणी ऐकली, फिरत्या नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने ऐकली, पाखरे ऐकली. स्वतःच्या घशातून स्वर काढायची बंदी असताना ते मनात स्वर लावीत राहिले. लोकगीतांतल्या चारपाच स्वरांच्या धुनांमध्ये रागांची बीजे आहेत हे त्यांना तिथे उमगले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा गाणे बदललेले होते. श्वास पूर्वीइतका लांब नव्हता. म्हणून लांबच लांब तानांच्या जागी छोटे, टोकदार, मध्येच तुटलेले वाटणारे स्वरसमूह आले. आवाज एकदम उंच फेकायचा आणि लगेच हलका करून जवळ आणायचा, ही त्यांची लकब झाली. उणिवेतून शैली निघाली, असे जाणकार सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. फुप्फुस गमावलेले लोक त्या काळी पुष्कळ होते. त्यांतल्या बाकीच्यांना अशी शैली काही सापडली नाही.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. माळव्याच्या लोकगीतांचे कार्यक्रम झाले, 'गीतवर्षा' झाला, मालवती, लगनगंधार, संजारी असे नवे राग आले, 1965 साली 'अनूपरागविलास' हे बंदिशींचे पुस्तक निघाले, गांधीजींच्या शताब्दीच्या वेळी गांधीमल्हार आला. आणि कबीर! निर्गुणी भजनांनी त्यांचे नाव देशभर गेले. कुमारांवर लिहिणारे लोक इथेच रमतात, आणि ते योग्यही आहे. मराठी गाण्यांची वेळ आली की बाल गंधर्वांच्या पदांवरचा 'मला उमजलेले बाल गंधर्व' हा कार्यक्रम आणि 'देव दीनाघरी धावला' या बाळ कोल्हटकरांच्या नाटकातली गाणी यांचा उल्लेख होतो. त्या नाटकाच्या चाली वसंत देसाईंच्या. वाणी जयराम यांच्याबरोबरचे 'ऋणानुबंधाच्या' हे द्वंद्वगीत तर आजही लग्नाच्या हॉलमध्ये वाजते. त्या गाण्यात काय म्हटले आहे याकडे लग्नघरी कोणाचे लक्ष असते असे मात्र दिसत नाही.

या सगळ्यांच्या मागे एक गाणे उभे राहिले आहे. 'अजुनी रुसून आहे' हे ते गाणे. शब्द कवी अनिलांचे, चाल स्वतः कुमारांची. मराठी भावगीतांच्या चाहत्यांना ते माहीत आहे, नाही असे नाही. पण ख्यालाचे श्रोते त्याला एक विरंगुळा समजतात आणि भावगीतवाल्यांना ते जरा जड जाते, त्यामुळे मोठ्या लेखांत त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. मला तो अन्याय वाटतो.

अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, जन्म 1901 चा, वऱ्हाडातले. मुक्तछंद आणि पुढे 'दशपदी' यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. या कवितेचा विषय म्हटले तर अगदी लहान आहे. कोणीतरी रुसले आहे आणि रुसवा जात नाही. पूर्वी रुसणे हा खेळ होता. एकाने रुसायचे, दुसऱ्याने समजूत घालायची आणि मग रुसता रुसता हसू यायचे. आज तसे होत नाही. समजूत घालणारा गोंधळला आहे. हा वरवरचा राग आहे, की आपल्या मनाचा तळ पाहण्यासाठी मांडलेला काही डाव आहे, हे त्याला कळत नाही. कविता प्रश्न विचारते आणि जिथे सुरू झाली तिथेच परत येऊन थांबते. रुसवा शेवटपर्यंत निघत नाही.

अशा शब्दांना लाडीगोडीची चाल लावणे सोपे होते. आपल्याकडे रुसव्याची गाणी बहुतेक लाडिकच असतात. कुमारांनी तसे केले नाही. ते हळू गातात, आणि ओळीचा शेवट दाबून पक्का करीत नाहीत. शब्द सोडून देतात आणि किंचित थांबतात. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याला वाटते की आता समोरून काही उत्तर येईल. येत नाही. मग ते पुन्हा मुखड्याकडे वळतात. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ येते, पण दर वेळी ती थोडी निराळी ऐकू येते. पहिल्यांदा त्यात नुसते नवल असते, पुढे काळजी येते आणि शेवटी माणूस थकल्यासारखा वाटतो, तरीही दारापासून हलत नाही. चाल एकच आहे, सूर तेच आहेत. हा फरक कुठून येतो हे मी पुष्कळदा ऐकूनही बोट ठेवून दाखवू शकणार नाही. माझे कान शिकलेले नाहीत. पण मला असे वाटते की पाचसहा वर्षे आपल्याच गळ्याची समजूत घालत बसलेला माणूसच असे गाऊ शकतो. न बोलणाऱ्या गोष्टीपुढे किती वेळ धीर धरायचा असतो, याचा त्यांना अनुभव होता.

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मराठी भावगीतांत ज्यांचे नाव घराघरांत गेले त्या अरुण दाते यांना गाण्याचे पहिले धडे कुमारांकडून मिळाले होते. त्यांचे वडील, इंदूरचे रामूभैया दाते, हे कुमारांचे स्नेही आणि मोठे रसिक. तेव्हा भावगीत हे कुमारांच्या अंगणाबाहेरचे झाड होते असे समजण्याचे कारण नाही.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. 1961 साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती गेल्या. ज्यांनी त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणले, त्याच आधी गेल्या. देवासच्या टेकडीखालच्या घराचे नाव 'भानुकुल' आहे. पुढच्या वर्षी त्यांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. वसुंधराताईंनी पुढे तीस वर्षे त्यांच्या मागे बसून तंबोऱ्याबरोबर सूर दिला आणि स्वतःचे गाणेही राखले. पद्मभूषण 1977 साली मिळाले, पद्मविभूषण 1990 साली. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. सुळेभावीत जन्म, मुंबईत शिक्षण आणि माळव्यात चव्वेचाळीस वर्षे. बोलायला मराठी आणि हिंदी, घरची भाषा कन्नड, आणि सर्वांत अधिक गायले ते कबीराच्या बोलीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकदा मुद्दाम सुळेभावीला उतरलो. पाहण्यासारखे फार नव्हते. स्टेशनबाहेर एका दुकानदाराला मी माझ्या मोडक्या कन्नडात विचारले, त्याने चांगल्या मराठीत रस्ता सांगितला. परतीची गाडी येईपर्यंत बाकावर बसून मी मोबाईलवर हे गाणे लावले. ते संपल्यावर त्या मित्राला पाठवावे असे मनात आले. पाठवले. सोबत काही लिहिले मात्र नाही, कारण काय लिहावे ते सुचेना.

त्याने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडूनही एक गाणे आले. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायिलेले अक्कमहादेवीचे वचन होते. त्याच्यासोबतही काही लिहिलेले नव्हते. वचनातले काही शब्द मला अडले, ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला विचारले. याच अंकाच्या कन्नड विभागात मन्सूरांवर त्याचा लेख आहे. तो छापून आल्यावरच वाचायचा असे त्याने मला बजावले आहे.