गाडी मधोमध कापणारा इंजिनिअर

मेकॅनिकलच्या कुणालाही फेव्हरिट इंजिनिअर विचारा. फेरारी, पोर्श, फोर्ड... नावं ठरलेली! मी मात्र असं एक नाव सांगणार आहे, जे कुठल्याच गाडीच्या बॉनेटवर लागलं नाही. सर अ‍ॅलेक इसिगोनिस. जग त्यांना 'मिनी'मुळे ओळखतं, पण माझा जीव जडलाय तो त्यांच्या त्याआधीच्या गाडीवर. मॉरिस मायनर!

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालचा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला. आज त्याला इझमिर म्हणतात. वडील ग्रीक, पण ब्रिटिश नागरिक. जहाजांच्या इंजिनांचा त्यांचा धंदा. आई जर्मन वंशाची. घरी सगळं छान चाललेलं असताना १९२२ साली ग्रीक-तुर्की युद्धाची झळ शहरापर्यंत पोचली. ब्रिटिश नौदलाने या कुटुंबाला माल्टाला हलवलं. घरदार, धंदा सगळं मागे राहिलं. माल्टामध्येच वडील गेले. १९२३ मध्ये आईला घेऊन हा मुलगा इंग्लंडला आला तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. म्हणजे आपण अकरावीच्या अ‍ॅडमिशनसाठी रांगा लावतो, ते वय.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. ड्रॉइंग एकदम फर्स्ट क्लास. आणि गणित? तीन वेळा नापास! आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर केटीवर केटी. गणिताशी त्यांचं पुढे आयुष्यभर जमलं नाही.

पण हात कुठे गप्प बसतात! जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर त्यांनी फावल्या वेळात 'लाइटवेट स्पेशल' नावाची छोटी रेसिंग कार स्वतःच्या हातांनी बनवली. १९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे मॉरिस मोटर्समध्ये रुजू झाले. काम सस्पेन्शनचं.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच कंपनीचे अधिकारी माइल्स थॉमस यांनी त्यांना एक छोटी फॅमिली कार डिझाइन करायला सांगितली. प्रोजेक्टचं नाव 'मॉस्किटो', म्हणजे चक्क डास! इसिगोनिस फ्रीहँड स्केचेस काढायचे आणि जॅक डॅनियल्स व रेज जॉब हे दोन सहकारी त्यांची मापं घातलेली ड्रॉइंग्ज करायचे. त्या काळच्या स्वस्त गाडीच्या मानाने हे डिझाइन भलतंच पुढचं होतं. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेणार. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन. चाकं फक्त १४ इंची, म्हणजे आत बसायला जागा जास्त.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ही गोलमटोल गाडी मुळीच आवडली नाही. जुनी मॉरिस एट खपत असताना ही कशाला, असा त्यांचा सूर. त्यात १९४७ साली, सगळं ठरत आलेलं असताना, इसिगोनिस यांना वाटलं की गाडी अरुंद दिसतेय. मग त्यांनी काय करावं? प्रोटोटाइप लांबीत मधोमध कापला! दोन्ही अर्धी एकमेकांपासून सरकवत नेली आणि नजरेला पटलं तिथे थांबले. अंतर भरलं ४ इंच. म्हणूनच मायनरच्या बॉनेटवर मधे ती पट्टी दिसते. बंपर तर आधीच बनून पडले होते. तेही मधे कापून, तुकडा घालून जोडले! या ४ इंचांनी आत ऐसपैस जागा झाली आणि गाडी वळणावर जास्त घट्ट बसू लागली.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. त्यांना हवं असलेलं नवीन फ्लॅट-फोर इंजिन रद्द झालं आणि मॉरिस एटचं जुनं ९१८ सीसी इंजिनच बसवावं लागलं. अखेर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश कार ठरली. १९७१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सोळा लाखांच्या वर गाड्या बनल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' म्हणून आणली ती हीच!

पुढे १९५९ मध्ये आडवं इंजिन बसवलेली मिनी आली, १९६९ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. लग्न त्यांनी केलं नाही, आईसोबतच राहिले. १९८८ साली ते गेले.

आता लगेच एम-थ्रीचं पुस्तक कॉटखाली फेकू नका हं! इसिगोनिस यांच्या नजरेला पटलेली गोष्ट रस्त्यावर आली ती डॅनियल्स आणि जॉब यांनी ती मापात बसवली म्हणून. पण तीन वेळा लागलेल्या लाल शेऱ्यानंतरही त्या मुलाने पेन्सिल खाली ठेवली नाही, हेही तितकंच खरं. रिझल्टच्या दिवशी रूमचं दार लावून बसणाऱ्या माझ्या मित्रांनो, एवढं जरूर लक्षात ठेवा. दार उघडा, मेसमध्ये या, आणि पुढच्या सबमिशनची शीट टेबलावर घ्या!