व्याकरणकार पाणिनि

प्राचीन गांधार देशांत, सिंधु व काबूल या नद्यांच्या संगमाजवळ, शलातुर नांवाचें एक गांव होतें. हल्लीं पाकिस्तानांतील स्वाबी जिल्ह्यांत लाहूर म्हणून जें गांव आहे तेंच हें, असें विद्वानांचें मत आहे. येथें ख्रिस्तपूर्व पांचव्या किंवा चौथ्या शतकांत पाणिनि होऊन गेला. त्याची माता दक्ष कुळांतील असल्यामुळें त्यास दाक्षीपुत्र असेंही म्हणत. त्याच्या चरित्रांतील खात्रीलायक गोष्टी येथेंच जवळजवळ संपतात. पुढील जागा कथांनीं भरून काढली आहे.

कथासरित्सागरांत तो वर्ष नामक गुरूचा अगदीं मंद शिष्य म्हणून येतो. गुरुपत्नीनें त्यास हिमालयांत तपास धाडलें, शंकर प्रसन्न झाले आणि नवें व्याकरण घेऊन तो परतला. अभ्यासांत मागें पडणाऱ्या विद्यार्थ्यांस ही कथा फार प्रिय असते! परंतु त्याचा ग्रंथ पाहिला म्हणजे त्याचें तप निराळेंच होतें असें वाटतें. त्यानें आपल्यापूर्वींच्या दहा वैयाकरणांचीं मतें नांवानिशीं नमूद केलीं. पूर्वेकडील लोक कसें बोलतात, उत्तरेकडील कसें, हें टिपलें. विपाशा नदीच्या उत्तर तीरावरील विहिरींच्या नांवांत स्वर कोठें पडतो, इतकें देखील त्याच्या कानांतून सुटलें नाहीं. आठ अध्याय, बत्तीस पाद आणि सुमारें ४००० सूत्रें एवढ्यांत त्यानें सारी संस्कृत भाषा बसविली.

त्यांतील कारकप्रकरण अवघें तेहतीस सूत्रांचें आहे. वाक्याचा आधार क्रिया, आणि ती घडून येण्यास जीं साह्य करतात तीं कारकें. ज्यापासून वियोग होतो तें अपादान, ज्यास उद्देशून द्यावयाचें तें संप्रदान, सर्वांत उपयोगी साधन तें करण, आधार तें अधिकरण, कर्त्यास जें अत्यंत इष्ट तें कर्म, व जो स्वतंत्र तो कर्ता. एकाच वस्तूस दोन संज्ञा लागूं लागल्या तर याच क्रमांतील नंतरची घ्यावी. नुसत्या संबंधास मात्र येथें स्थान नाहीं; ‘रामाचा घोडा’ म्हटल्यानें राम घोड्याशीं जोडला जातो, क्रियेशीं नव्हे.

कारक म्हणजे विभक्ति नव्हे, हें पाणिनीनें ओळखलें, आणि माझ्या मतें त्याचें खरें थोरपण येथेंच आहे. ‘सखाराम लांकूड तोडतो’ आणि ‘सखारामानें लांकूड तोडलें’ हीं आपलीं रोजचीं वाक्यें घ्या. तोडणारा दोहींकडे एकच, परंतु रूप बदललें. पाणिनीची योजना अशी कीं, क्रियापदाच्या प्रत्ययानें जें कारक सांगून झालें तें नामाच्या प्रत्ययानें पुन्हा सांगूं नये. पहिल्या वाक्यांत क्रियापदानें कर्ता सांगितला, म्हणून तो प्रथमेंत राहिला. दुसऱ्यांत त्यानें कर्म सांगितलें. तेव्हां लांकूड प्रथमेंत आलें आणि न सांगितलेल्या कर्त्यास तृतीया घ्यावी लागली. हा नियम त्यानें संस्कृतासाठीं केला, पण मराठीसही तो किती चपखल बसतो!

‘मला आंबा आवडतो’ या वाक्याचा कर्ता कोण, यावर विद्यार्थी नेहमीं भांडतात. आवडण्याच्या अर्थाच्या धातूंसाठीं पाणिनीचें स्वतंत्र सूत्र आहे: ज्यास आवडतें तो संप्रदान. मग कर्ता आंबाच ठरतो, आणि ‘कैरी आवडते’ असें म्हणतांच क्रियापद कैरीमागें जातें तें उगीच नव्हे. ज्याचें भय वाटतें त्यास तो अपादान म्हणतो, जणूं मन तेथून मागें सरतें. संस्कृतांत तेथें पंचमी येते. आपण मात्र ‘वाघाला भितों’ असें म्हणतों. प्रत्यय निराळा, पण भयाचें कारण वाघच.

पुढें कात्यायनानें त्याच्या सूत्रांवर वार्तिकें लिहिलीं व पतंजलीनें महाभाष्य रचलें. यूरोपांत बोटलिंकनें अष्टाध्यायी १८३९-४० सालीं बॉन येथें छापली. महाभाष्याची तीन भागांची आवृत्ति मुंबईस १८८० ते १८८५ या काळांत निघाली. तिचा संपादक कीलहॉर्न हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापक होता. १९६८ सालीं फिल्मोर या अमेरिकन पंडितानें वाक्यांतील अर्थसंबंध व बाह्य रूप यांचा भेद नव्यानें मांडला, तेव्हां अभ्यासकांस कारकांची आठवण झाली.

पाणिनीचा अंत सिंहाच्या हल्ल्यानें झाला, असें पंचतंत्रांत आलें आहे. ती तिथि त्रयोदशी होती असें परंपरा मानते, आणि म्हणून जुने शास्त्री त्या दिवशीं व्याकरणाचा पाठ देत नसत.