सरासरीखालचे सगळे उपाशी?

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या! गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पमध्ये अंबरनाथजवळच्या एका पाड्यावर आम्ही मुलांच्या जेवणाचा सर्व्हे केला. पुस्तकातल्या सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारी सगळी मुलं मी 'उपाशी' लिहून टाकली. निम्म्याहून जास्त निघाली! सर हसले आणि म्हणाले, आधी सुखात्मे वाच.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. फर्ग्युसन कॉलेजनंतर लंडनला त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. परत आल्यावर, चिठ्ठी टाकल्यासारखे शेतातले तुकडे निवडून, तिथलं पीक कापून, त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५१ पासून ते रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९७१ साली पद्मभूषण मिळालं. पुढे ते पुण्यात राहिले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाची गरज वेगळी, एकाच माणसाचीही रोज बदलते. म्हणजे सरासरीपेक्षा कमी खाणारा उपाशी असेलच असं नाही. रेषा सरासरीच्या खाली हवी. यावरून अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला. कारण रेषा फार खाली गेली, तर खरा उपाशीही मोजणीतून सुटतो.

१९९७ साली सुखात्मे गेले. वाद वाचून मला कळलं, मी मुलांचं वजन-उंची मोजलीच नव्हती. यंदा त्याच पाड्यावर पुन्हा जाणार आहे, वजनकाटा घेऊन. येताय?