रिखार्ड झिगमोंडी

रिखार्ड आडोल्फ झिगमोंडी (१ एप्रिल १८६५ – सप्टेंबर १९२९) हे ऑस्ट्रियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ व आधुनिक कलिल रसायनशास्त्राचे एक प्रवर्तक होते. कलिली विद्राव एकजिनसी नसून विषमांगी असतात हे सिद्ध केल्याबद्दल आणि त्यासाठी वापरलेल्या पद्धतींबद्दल त्यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर त्यांनी केलेले संशोधन आणि हाइन्रिख झीडेन्टॉप्फ यांच्या सहकार्याने तयार केलेला अतिसूक्ष्मदर्शक यांमुळे ते विशेष प्रसिद्ध आहेत. धातूंच्या नॅनोकणांच्या साहाय्याने रेणूंचा वेध घेण्याच्या आजच्या तंत्रांच्या पूर्वेतिहासात त्यांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

झिगमोंडी यांचा जन्म व्हिएन्ना येथे हंगेरियन वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील आडोल्फ झिगमोंडी हे नामांकित दंतवैद्य होते. दातांना क्रमांक देण्याची त्यांची पद्धत दंतवैद्यकात दीर्घकाळ वापरात राहिली. १८८० मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर आई इर्मा यांनी चारही मुलांचे संगोपन केले. थोरले बंधू ऑटो व एमिल हे आल्प्समधील गाजलेले गिर्यारोहक होते. त्यांपैकी एमिल यांचा १८८५ मध्ये फ्रान्समधील मेज शिखरावर अपघाती मृत्यू झाला. आणखी एक बंधू कार्ल हे गणितज्ञ होते आणि संख्या सिद्धांतातील एक प्रमेय त्यांच्या नावाने ओळखले जाते. रिखार्ड यांनाही गिर्यारोहणाची आवड होती.

व्हिएन्ना येथे आरंभीचे शिक्षण घेऊन झिगमोंडी म्युनिकला गेले व तेथे त्यांनी कार्बनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. डॉक्टरेट मिळाल्यानंतर मात्र ते या शाखेपासून दूर गेले. बर्लिन येथे भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्ट कुंट यांच्या प्रयोगशाळेत काच व चिनी मातीच्या भांड्यांवर चढविल्या जाणाऱ्या चकाकत्या रंगांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. या रंगांत सोन्याची संयुगे वापरली जात. १८९३ मध्ये त्यांनी ग्राट्स येथे अध्यापनाची पात्रता मिळविली.

माणिक काच आणि सोन्याचा प्रश्न

काचेच्या रंगांविषयीच्या जाणकारीमुळे १८९७ मध्ये येना येथील शॉट काच कारखान्याने त्यांना नोकरी दिली. तेथे त्यांनी येना दुधी काच तयार केली व माणकासारख्या लाल काचेचा अभ्यास केला. अशी काच बनविण्याची कृती युरोपातील कारागिरांना शतकानुशतके ज्ञात होती. काचेत अत्यल्प सोने मिसळून ती पुन्हा तापविली की तिला गडद लाल रंग येतो. पिवळ्या धातूपासून लाल रंग का निर्माण होतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र नव्हते. सोने व कथिल यांच्या क्षारांपासून मिळणाऱ्या ‘कॅसियसचा जांभळा’ या रंगद्रव्याविषयीही असाच वाद होता. ते सोन्याचे रासायनिक संयुग आहे असे काहींचे मत होते, तर ते केवळ मिश्रण आहे असे इतरांना वाटत होते.

झिगमोंडी यांनी सोन्याच्या क्लोराइडाच्या अतिशय विरल, किंचित अल्कधर्मी विद्रावावर फॉर्माल्डिहाइडाची क्रिया करून पाण्यात लाल रंगाचे, महिनोन्‌महिने टिकणारे कलिली सोने तयार केले. त्यात कलिली स्टॅनिक अम्ल मिसळताच कॅसियसचे जांभळे द्रव्य मिळाले. त्यावरून हे द्रव्य संयुग नसून दोन कलिलांचे मिश्रण आहे, असे १८९८ मध्ये त्यांनी दाखविले. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्येच सोन्याचे असे लाल द्रव तयार करून त्यांचा रंग धातूच्या सूक्ष्म कणांमुळे येतो असे प्रतिपादन केले होते. हे कार्य झिगमोंडी यांना पुढे ज्ञात झाले. त्यानंतर त्यांनी फॅराडे यांच्या पद्धतीने मिळणारे अत्यंत लहान कण बीजासारखे वापरून हव्या त्या आकाराचे सुवर्णकण वाढविण्याची पद्धत विकसित केली.

अतिसूक्ष्मदर्शक

हे द्रव म्हणजे खरे विद्राव की पाण्यात तरंगणारी धातूची पूड, हा त्या काळातील मूलभूत प्रश्न होता. नेहमीच्या गाळणकागदातून ते सहज पार होत आणि उत्तम सूक्ष्मदर्शकातही त्यात काही दिसत नसे. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान वस्तूंचा आकार स्पष्ट दाखविता येत नाही. त्यामुळे कणांचे अस्तित्व मान्य करणाऱ्यांकडेही ते दाखविण्याचे साधन नव्हते.

१९०० मध्ये कारखान्याची नोकरी सोडून झिगमोंडी येना येथेच स्वतंत्र संशोधन करू लागले. अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकताना दिसते, कारण धुळीचे कण प्रकाशाचे प्रकीर्णन करतात. हेच तत्त्व त्यांनी सुवर्णकणांना लावले. त्झाइस कारखान्यातील भौतिकशास्त्रज्ञ झीडेन्टॉप्फ यांच्यासह त्यांनी रचलेल्या उपकरणात तीव्र प्रकाशाचा अरुंद झोत फटीतून द्रवात बाजूने सोडला जाई आणि त्याला काटकोनात ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले जाई. झोत थेट डोळ्यांत न आल्याने पार्श्वभूमी काळी राही आणि प्रत्येक कण सतत हालणाऱ्या तेजस्वी ठिपक्याच्या रूपाने दिसे. या उपकरणाचे वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ठिपक्यावरून कणाचा आकार थेट मोजता येत नव्हता. त्यासाठी झिगमोंडी यांनी ठराविक आकारमानातील ठिपके मोजले. द्रवात एकूण किती सोने आहे हे आधीच माहीत असल्याने एका कणाचे वस्तुमान काढता येई आणि सोन्याच्या घनतेवरून त्याची सरासरी लांबी-रुंदी मिळे. अशा रीतीने काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण मोजले गेले. अतिसूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या कणांना त्यांनी ‘सबमायक्रॉन’ व त्यातही न दिसणाऱ्यांना ‘अमायक्रॉन’ अशी नावे दिली.

सुवर्णांक

लाल कलिली सोन्यात मीठ घातले की कण एकमेकांना चिकटतात आणि द्रव जांभळा, मग निळा होतो. जिलेटिनासारखे पदार्थ हा बदल रोखतात. १० घन सेंमी. लाल सोन्यात १० टक्के मिठाचा १ घन सेंमी. विद्राव घातल्यावर होणारा रंगबदल रोखण्यासाठी एखाद्या पदार्थाचे किमान किती मिलिग्रॅम लागतात, त्या संख्येला झिगमोंडी यांनी ‘सुवर्णांक’ असे नाव दिले. पदार्थ ओळखण्यासाठी सोन्याच्या रंगबदलाचा मोजमाप म्हणून झालेला हा आरंभीचा उपयोग होय. याच कल्पनेच्या आधारे कार्ल लांगे यांनी १९१२ मध्ये मस्तिष्क-मेरुद्रवाची कलिली सुवर्ण चाचणी मांडली. मज्जासंस्थेच्या उपदंशाच्या निदानासाठी ती अनेक वर्षे वापरली गेली.

ग्यॉटिंगेन व उत्तरायुष्य

पुढे झिगमोंडी यांची ग्यॉटिंगेन विद्यापीठात अकार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. तेथे त्यांनी अतिसूक्ष्मदर्शकात सुधारणा केल्या आणि व्हिल्हेल्म बाखमान यांच्यासह पटल-गाळणी विकसित केली. अशा गाळण्यांचा उपयोग पुढे पाण्यातील जीवाणू तपासण्यासाठी होऊ लागला. १९०३ मध्ये त्यांचा लाउरा लुइझे म्यूलर यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना दोन मुली होत्या. फेब्रुवारी १९२९ मध्ये ते निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच ग्यॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

झिगमोंडी यांनी कणांचे अस्तित्व व आकार दाखविला, तरी त्यांच्या रंगांचे संपूर्ण गणिती स्पष्टीकरण गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये दिले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट तरंगलांबीला सामूहिकपणे डोलतात. लहान गोल सुवर्णकणांसाठी ही तरंगलांबी पाण्यात सुमारे ५२० नॅनोमीटर म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या भागात असते. हिरवा प्रकाश शोषला गेल्याने द्रव लाल दिसतो. कण जवळ आले की ही तरंगलांबी वाढते व रंग निळसर होतो.

या अनुस्पंदनामुळे कणांच्या पृष्ठभागालगत, विशेषतः दोन कणांमधील फटीत, प्रकाशाचे विद्युत्‌ क्षेत्र अनेक पटींनी तीव्र होते. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामातून रेणूची ओळख पटविणारा वर्णपट मिळतो, पण तो अतिशय क्षीण असतो. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील मार्टिन फ्लाइशमान व सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवरील पिरिडिनाचा असाधारण तीव्र रामन वर्णपट आढळला. तीन वर्षांनी इतर संशोधकांनी ही तीव्रता केवळ रेणूंच्या संख्येमुळे नसून धातूच्या पृष्ठभागामुळे आहे, असे दाखविले. १९९७ मध्ये चांदीच्या कणांच्या आधारे एकेकट्या रेणूचे रामन वर्णपट नोंदविल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. घरगुती गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघही बहुधा कलिली सोन्याचीच असते.

चंद्रावरील एका विवराला झिगमोंडी यांचे नाव देण्यात आले आहे.