डुप्ले : स्वप्न फ्रेंचांचे, साम्राज्य इंग्रजांचे

भारतात युरोपीय सत्ता कशी रुजवावी, याची वाट इंग्रजांआधी ज्याने आखली, त्या जोसेफ फ्रान्स्वा डुप्लेचा जन्म १६९७ मध्ये फ्रान्समधील लांद्रेसी येथे झाला. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत तो पाँडिचेरीस आला. १७३१ मध्ये चंद्रनगरचा प्रमुख होताच त्याने तेथील मरगळलेल्या व्यापाराला ऊर्जितावस्था आणली. १७४२ मध्ये पाँडिचेरीचे गव्हर्नरपद त्याच्याकडे आले.

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले. त्यावर चालून आलेल्या कर्नाटकच्या नवाबाच्या मोठ्या फौजेचा अड्यार नदीकाठी मूठभर कवायती सैनिकांनी पराभव केला. एतद्देशीय राजांच्या वारसातंट्यांत कवायती फौज पुरवावी आणि मोबदल्यात मुलूख व महसूल मिळवावा, हे डुप्लेचे धोरण यानंतर आकारास आले. मराठ्यांनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली जिंकून साताऱ्यास कैदेत ठेवलेल्या चंदासाहेबाला, त्याच्या सुटकेनंतर, डुप्लेने कर्नाटकच्या गादीसाठी साह्य केले. १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत नवाब अन्वरुद्दीन मारला गेला. हैदराबादच्या दरबारातही फ्रेंचांचा शब्द चालू लागला.

मात्र १७५१ मध्ये क्लाइव्हने अर्काट घेतले. पुढील वर्षी चंदासाहेब मारला गेला. युद्धखर्चाने त्रासलेल्या कंपनीने १७५४ मध्ये डुप्लेला माघारी बोलावले. मोहिमांसाठी खर्चिलेले स्वतःचे धन परत मिळावे म्हणून त्याने कंपनीवर दावा लावला. तो निष्फळ ठरला. १७६३ मध्ये पॅरिस येथे विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला. त्याच्याच धोरणाचा अवलंब करून इंग्रजांनी मात्र साम्राज्य उभारले.