हाफकिन यांची कसोटी

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक भयंकर रोग उद्भवला. रोग्याला एकाएकी कडक ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत बहुतेक रोगी प्राणास मुकत. हा रोग म्हणजे प्लेग होय, हे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी प्रथम ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. बाजार ओस पडले, घरांना कुलपे लागली आणि लाखो लोक गावाकडची वाट धरू लागले. सारे जण शहर सोडून निघालेले असताना ऑक्टोबर महिन्यात एक परदेशी शास्त्रज्ञ मात्र मुंबईत दाखल झाले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. प्राणिशास्त्रात त्यांनी उत्तम प्रावीण्य मिळविले. परंतु ज्यू असल्यामुळे त्यांना तेथे प्राध्यापकाचे पद मिळणे शक्य नव्हते. अखेर १८८९ मध्ये ते पॅरिसला गेले व तेथील पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात त्यांनी साहाय्यकाची जागा पत्करली. ग्रंथालयातील काम आटोपले की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत. अशा परिश्रमांतून १८९२ मध्ये त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि त्या वर्षीच्या १८ जुलै रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

येथे त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. लस टोचलेला मनुष्य जगला, एवढ्यावरून लसीचा गुण सिद्ध होतो काय? साथीत लस न घेतलेले लोकही पुष्कळ वाचतात. शिवाय एका गावातील टोचलेल्या लोकांची तुलना दुसऱ्या गावातील न टोचलेल्या लोकांशी केली, तर तीही फसवी ठरते. कारण एका गावाचे पाणी शुद्ध असेल, तर दुसऱ्याचे दूषित. म्हणून एकाच ठिकाणी राहणारे आणि एकच पाणी पिणारे टोचलेले व न टोचलेले असे दोन्ही प्रकारचे लोक पाहावेत आणि त्यांतील आजारी व मृत यांची काटेकोर मोजणी ठेवावी, असा मार्ग हाफकिन यांनी निवडला.

१८९४ मध्ये कलकत्त्यातील कट्टल बागान या वस्तीत पटकीची लागण झाली. दोन तळ्यांच्या काठी सुमारे २०० लोक राहत होते. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत दहा जण आजारी पडले व त्यांतील सात जण दगावले. हे दहाही जण लस न टोचलेल्यांपैकी होते. तळी तीच, झोपड्या त्याच. फरक केवळ लसीचा होता.

असा अनुभव गाठीशी घेऊन हाफकिन मुंबईस आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व तिच्यापुढील ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई, एवढाच लवाजमा. तरीही अहोरात्र खपून सुमारे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. त्यांना सणसणून ताप आला व अंग ठणकले. पण काही दिवसांत ते बरे झाले. या धाडसाचे मोल मोठे होते. तथापि त्यावरून लस घातक नाही एवढेच सिद्ध झाले. ती प्लेगपासून रक्षण करते की नाही, हे ठरायचे होते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगातील कैद्यांची जागा एक, अन्न एक आणि दिनक्रमही एक; त्यामुळे तुलनेला ते ठिकाण योग्य होते. जे कैदी आपखुशीने पुढे आले, त्यांना लस टोचण्यात आली. टोचणीच्याच दिवशी ज्यांना रोगाने गाठले, त्यांची गणना निराळी ठेवली; कारण रोगाचे जंतू त्यांच्या शरीरात आधीच शिरलेले होते. नंतरची मोजणी अशी झाली : न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले व ६ मरण पावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी केवळ दोघे आजारी पडले आणि मृत्यू एकही झाला नाही.

हा पुरावा चांगला होता, परंतु त्यातही शंकेला थोडी जागा उरत होती. आपण होऊन पुढे येणारे लोक मुळातच अधिक धट्टेकट्टे असले तर? ही उणीव पुढे बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी दूर झाली. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेगची साथ चालू होती. तेव्हा प्रत्येक घरातील माणसांचे दोन सारखे भाग पाडण्यात आले. निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया आणि निम्मी मुले यांना लस टोचली. बाकीच्यांना टोचली नाही. कोणी टोचून घ्यावे, हे व्यक्तीच्या आवडीवर ठेवले नाही. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ मृत्यू पावले, तर न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांतील हा फरक योगायोगाने पडला, असे म्हणणे आता कठीण होते.

टोचणीचे नाव काढताच लोक भीत असत. तेव्हा आगाखान यांनी सर्वांच्या देखत लस टोचून घेतली व आपल्या अनुयायांना धीर दिला. हळूहळू मागणी वाढली. १८९९ मध्ये परळ येथील जुन्या सरकारी निवासस्थानात हाफकिन यांची प्रयोगशाळा गेली आणि तेथून ठिकठिकाणी लस रवाना होऊ लागली.

परंतु खरी कसोटी अजून व्हावयाची होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मालकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. पुढे त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सारा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले व ते विषण्ण मनाने इंग्लंडला गेले.

त्यांनी संयम सोडला नाही. एवढी वर्षे ज्या पद्धतीने त्यांनी रोगाचा विचार केला होता, तीच पद्धत आता त्यांच्या मदतीला आली. मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतून लस टोचली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नव्हता. मग त्या एका बाटलीचे काय झाले? तिचे बूच काढण्याचा चिमटा मालकोवाल येथे जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते, तर ते वाढून बाटलीला दुर्गंध सुटला असता. पण बाटली उघडताना तसा दुर्गंध आला नव्हता. सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जगापुढे मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले. मात्र पूर्वीचा अधिकार त्यांना लाभला नाही.

१९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. एखादे नवे औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ते घेणाऱ्यांची व न घेणाऱ्यांची तुलना आजही केली जाते आणि कोणी कोणत्या गटात जावे, हे आवडीवर सोडले जात नाही. उंढेऱ्याच्या घरोघरी जी मोजणी झाली, तिचेच हे अधिक शुद्ध रूप होय. हाफकिन यांनी दोनदा आपले प्राण पणाला लावले. पण आपल्या धाडसाला त्यांनी कधी पुरावा मानले नाही.